एककाच्या उजवीकडची वाट दाखविणारा सायमन स्टेविन

शून्य आणि स्थानिक किमतीची पद्धत ही भारताने जगाला दिलेली देणगी आहे, हे प्रत्येक मराठी वाचकाला शाळेपासून ठाऊक असते. एकं, दहं, शतं, सहस्र अशी डावीकडे चढत जाणारी शिडी आपल्या पूर्वजांनी उभारली. अंकाची जागा एक घर डावीकडे सरकली की त्याची किंमत दसपट होते, हा नियम इतका सोपा आहे की, त्यामागची प्रतिभा सहसा लक्षात येत नाही. मात्र हीच शिडी एककाच्या खाली, म्हणजे उजवीकडेही उतरते. तेथे प्रत्येक पायरीला किंमत दहाव्या हिश्श्याएवढी होते आणि अपूर्णांकही पूर्णांकांसारखेच मांडता येतात, ही गोष्ट सामान्यांच्या व्यवहारात रुजायला पुढे अनेक शतके लागली. ती रुजविण्याचे श्रेय ज्याला प्रामुख्याने दिले जाते, तो गणिताचा प्राध्यापक नव्हता. व्यापारी पेढीवर आणि करवसुलीच्या कचेरीत हिशेब लिहून त्याने उमेदवारी केली होती. त्याचे नाव सायमन स्टेविन.

पाचवी-सहावीच्या वर्गात आज दशांश अपूर्णांक शिकवले जातात आणि तेथेच अनेक मुलांची गणिताशी असलेली मैत्री तुटते. स्टेविनचे चरित्र पाहिले तर ही अडचण केवळ मुलांची नाही, हे ध्यानात येते. सोळाव्या शतकातले जाणते व्यापारी, भूमापक आणि टाकसाळीचे अधिकारी याच पायरीवर अडखळत होते. त्यांना हात देण्यासाठी स्टेविनने जी युक्ती योजली, तिच्यात आजच्या शिक्षकालाही घेण्यासारखे पुष्कळ आहे.

ब्रुज ते लायडेन

स्टेविनचा जन्म १५४८ मध्ये आजच्या बेल्जियममधील ब्रुज शहरात झाला. अँटोनिस स्टेविन आणि कॅथलीन व्हान डर पोर्ट हे त्याचे आईवडील. त्यांचा विवाह झालेला नव्हता. त्या काळात अशा जन्माचा शिक्का आयुष्यभर पुसला जात नसे. त्याच्या बालपणाविषयी फारशी माहिती उपलब्ध नाही. तरुणपणी त्याने अँटवर्पमध्ये हिशेबनीस म्हणून काम केले. त्या वेळचे अँटवर्प हे उत्तर युरोपातले सर्वांत गजबजलेले व्यापारी बंदर होते. मिरी, साखर, लोकर, रेशीम, गालिचे आणि अनेक देशांची नाणी तेथे एकत्र येत. १५७१ नंतरच्या काही वर्षांत त्याने पोलंड, प्रशिया आणि नॉर्वेचा प्रवास केला. १५७७ मध्ये तो ब्रुज परिसराच्या करविषयक कचेरीत कारकून झाला.

तो काळ मोठ्या उलथापालथीचा होता. नेदरलँड्सचे प्रांत स्पेनच्या राजाविरुद्ध उठले होते. नोव्हेंबर १५७६ मध्ये पगार थकलेल्या स्पॅनिश सैनिकांनी अँटवर्प लुटले आणि हजारो माणसे मारली गेली. १५८१ मध्ये बंडखोर प्रांतांनी स्पेनच्या राजाचे स्वामित्व झुगारून दिले. त्याच वर्षी स्टेविन उत्तरेकडे लायडेनला येऊन राहिला. तेथील विद्यापीठ १५७५ मध्येच स्थापन झाले होते. १५८३ मध्ये, वयाच्या पस्तिशीच्या उंबरठ्यावर, त्याने या विद्यापीठात विद्यार्थी म्हणून नाव नोंदवले. बंडाचा नेता विल्यम ऑफ ऑरेंज याचा मुलगा मॉरिस याच्याशी त्याचा परिचय येथेच झाला. पुढच्याच वर्षी विल्यमची डेल्फ्टमध्ये हत्या झाली आणि नव्या राष्ट्राच्या नेतृत्वाची धुरा हळूहळू कोवळ्या मॉरिसच्या खांद्यावर आली. स्टेविन त्याचा गणिताचा शिक्षक, सल्लागार आणि अभियंता झाला. हे नाते अखेरपर्यंत टिकले.

व्याजाचे गुपित

स्टेविनचे पहिले पुस्तक १५८२ मध्ये अँटवर्पच्या प्लांटिन छापखान्यातून बाहेर पडले. तो व्याजाच्या कोष्टकांचा संग्रह होता. आज ही गोष्ट किरकोळ वाटेल. पण चक्रवाढ व्याजाची कोष्टके ही त्या काळी सावकारी पेढ्यांची जपून ठेवलेली मालमत्ता होती. अमुक रक्कम अमुक दराने दहा-वीस वर्षांत किती होईल, हे कर्ज घेणाऱ्याला सहज कळत नसे. पेढी सांगेल तो आकडा मान्य करण्यावाचून त्याला गत्यंतर नसे. अशी कोष्टके हस्तलिखितांत बंदिस्त असताना स्टेविनने ती रीतीसह छापून बाजारात आणली. ती हाताशी असलेल्या ऋणकोला आता सावकाराचा आकडा पडताळून पाहता येत होता.

या कोष्टकांत एक तांत्रिक खुबी होती. व्याजाच्या हिशेबात अपूर्णांक सतत येतात. ते टाळण्यासाठी स्टेविनने मूळ रक्कम एक कोटी धरली. एवढा मोठा आकडा घेतला की उत्तरे पूर्णांकात मांडता येतात आणि राहिलेला क्षुल्लक अंश सोडून दिला तरी चालतो. त्रिकोणमितीची कोष्टके करणारे खगोलशास्त्रज्ञही अशीच युक्ती वापरत. थोडक्यात, अपूर्णांकाला सामोरे जाण्याऐवजी त्याला वळसा घातला जात होता. तीन वर्षांनी स्टेविनने हा वळसा सोडून सरळ वाट धरली.

अपूर्णांकांचे ओझे

ती वाट किती आवश्यक होती, हे त्या काळचा एखादा साधा हिशेब केल्याशिवाय उमगत नाही. हॉलंडमध्ये एका गिल्डरचे २० स्टायव्हर आणि एका स्टायव्हरचे १६ पेनिंग होत. समजा, कापडाचा भाव वाराला ३ गिल्डर, ७ स्टायव्हर, ९ पेनिंग आहे आणि पावणेतेरा वार कापड घ्यायचे आहे. दुकानदाराने आधी भावाचे पेनिंग करायचे. ते १०८१ होतात. मग पावणेतेरा म्हणजे ५१ चतुर्थांश असे रूपांतर करून १०८१ ला ५१ ने गुणायचे आणि चारने भागायचे. उत्तर १३७८२ पूर्णांक तीन चतुर्थांश पेनिंग. त्याला ३२० ने भागून गिल्डर काढायचे, उरलेल्याला १६ ने भागून स्टायव्हर काढायचे. अखेर ४३ गिल्डर, १ स्टायव्हर आणि पावणेसात पेनिंग हे उत्तर हाती येते.

हा झाला एका गिऱ्हाइकाचा एक हिशेब. शहर बदलले की नाणे बदले, वार बदले, पिंपाचे माप बदले. भूमापकाला दंड आणि फुटांचा, खगोलशास्त्रज्ञाला अंश आणि साठाव्या भागांचा वेगळाच पाढा म्हणावा लागे. दोन अपूर्णांकांची बेरीज करायची तर आधी छेद समान करायचे. एवढ्या पायऱ्यांत एखादी चूक होणे सहज शक्य होते आणि चूक शोधणे त्याहून अवघड होते. हिशेबात मुरलेल्या माणसापुढे इतरांना मान तुकवावी लागे, ती यामुळेच.

दहाव्या हिश्श्याची पुस्तिका

१५८५ मध्ये लायडेनमध्ये प्लांटिननेच स्टेविनची एक छोटी डच पुस्तिका छापली. तिचे नाव ‘दे थिंडे’, म्हणजे दहावा हिस्सा. चर्चला द्यावयाच्या दशांश कराचाही त्याच शब्दाने निर्देश होई, त्यामुळे हे नाव प्रत्येकाच्या कानावरचे होते. त्याच वर्षी तिचे फ्रेंच रूप ‘ला दीम’ या नावाने त्याच्या अंकगणितावरील मोठ्या ग्रंथात समाविष्ट झाले. पुस्तिका कोणासाठी आहे, हे स्टेविनने प्रारंभीच स्पष्ट केले. ती खगोलशास्त्रज्ञ, भूमापक, गालिचे मोजणारे, मद्याची पिंपे मापणारे, घनफळ काढणारे, टाकसाळीचे अधिकारी आणि सर्व व्यापारी यांना अर्पण केली होती. विद्वानांची लॅटिन त्याने मुद्दाम टाळली होती. आपण फार मोठा शोध लावल्याचा आवही त्याने आणला नाही. योगायोगाने अज्ञात बेट सापडलेला खलाशी जसा त्याची संपत्ती राजाला सांगतो, तशीच आपण ही गोष्ट सांगत आहोत, अशी त्याची भूमिका होती.

पुस्तिकेची रचना अत्यंत नेटकी आहे. प्रथम चार व्याख्या, नंतर बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार यांच्या चार रीती, शेवटी निरनिराळ्या व्यवसायांसाठी सहा कलमांचे परिशिष्ट. मूळ कल्पना एवढीच की, एककाचे दहा समान भाग करावेत, त्या प्रत्येक भागाचे पुन्हा दहा आणि असेच पुढे. पहिल्या भागाला त्याने पहिला, त्याच्या दहाव्या हिश्श्याला दुसरा, त्याच्याही दहाव्या हिश्श्याला तिसरा असे नाव दिले. पूर्णांकाला त्याने आरंभ म्हटले.

ही नावे लिहिण्याची त्याची पद्धत लक्षणीय होती. प्रत्येक अंकासोबत तो एका छोट्या वर्तुळात त्या अंकाच्या घराचा क्रमांक लिही. पूर्णांकानंतर वर्तुळात शून्य, दशांशानंतर एक, शतांशानंतर दोन, सहस्रांशानंतर तीन. वर्तुळांऐवजी कंस वापरले तर आपण ज्याला २७.८४७ म्हणतो, ती संख्या तो २७(०) ८(१) ४(२) ७(३) अशी मांडतो. या संख्येत त्याने ३७.६७५ आणि ८७५.७८२ मिळवून दाखवले. अंक एकाखाली एक नीट लिहावेत, पूर्णांकांप्रमाणेच हातचे घेत बेरीज करावी आणि वर्तुळे जागच्या जागी उतरवावीत. उत्तर ९४१.३०४. समच्छेद नाही, रूपांतर नाही. पूर्णांकांची बेरीज येणाऱ्या कोणालाही ही बेरीज येते.

गुणाकाराच्या रीतीत पद्धतीचे खरे सामर्थ्य दिसते. त्याने ३२.५७ ला ८९.४६ ने गुणले. वर्तुळे क्षणभर विसरून ३२५७ आणि ८९४६ यांचा गुणाकार करायचा. दोन्ही संख्यांच्या शेवटच्या अंकांचे क्रमांक दोन आणि दोन आहेत. त्यांची बेरीज चार. म्हणून गुणाकाराच्या शेवटच्या अंकावर चार हा क्रमांक येईल. उत्तर २९१३.७१२२. दशांश स्थळे मोजा आणि उत्तरात तेवढी द्या, हा आज वर्गात पाठ करून घेतला जाणारा नियम तो हाच. फरक एवढाच की, स्टेविनने त्याचे कारणही दिले होते. शतांशाला शतांशाने गुणले तर दहा हजारांश मिळतात, हे त्याने अपूर्णांकांच्या जुन्या रीतीने पडताळून दाखवले. भागाकारात हेच क्रमांक वजा होतात. तीनने भागताना काही वेळा भागाकार कधीच संपत नाही, हेही त्याने नोंदवले आणि व्यवहारासाठी जेवढे सूक्ष्म उत्तर हवे तेवढ्यावर थांबावे, असे सुचवले.

आधीचे प्रवासी

दशांश अपूर्णांक स्टेविनने प्रथम शोधले, असे म्हणणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. दहाव्या शतकात दमास्कसमध्ये अल्-उक्लिदिसी याने ते वापरले होते. समरकंदच्या वेधशाळेतील अल्-काशी याने १४२७ मध्ये पूर्ण केलेल्या अंकगणिताच्या ग्रंथात त्यांची पद्धतशीर मांडणी केली होती. चीनमध्ये मापांच्या निमित्ताने दशांशांची परंपरा फार जुनी होती. फ्रान्सच्या व्हिएतने १५७९ मध्ये त्यांचा पुरस्कार केला होता. इटलीतील खगोलशास्त्रज्ञ जोव्हान्नी बियांकीनी याने १४४० च्या दशकातच दशांश बिंदू वापरला होता, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले आहे.

या साऱ्यांच्याही मागे भारतीय स्थानमूल्याचा पाया होता. आर्यभटाने ४९९ च्या सुमारास दसपटीने वाढणाऱ्या स्थानांची नावे दिली. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये शून्याशी करावयाच्या क्रियांचे नियम सांगितले. भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातील ‘लीलावती’तही एकापासून परार्धापर्यंतची स्थाने आहेत. बगदादच्या अल्-ख्वारिझ्मीच्या ग्रंथातून आणि १२०२ मधील फिबोनाचीच्या ग्रंथातून ही विद्या युरोपात पोहोचली. भारतीय गणिती अपूर्णांक लिहिताना अंश वर आणि छेद खाली मांडत. ती पद्धत समर्थ होती, पण स्थानमूल्याच्या शिडीशी जोडलेली नव्हती.

मग स्टेविनचे योगदान कोणते? आधीच्या अनेकांनी दशांश हे विशिष्ट गणितांचे साधन म्हणून वापरले. स्टेविनने सगळे अपूर्णांक याच रीतीने लिहिता येतात आणि सगळ्यांनी ते तसे लिहावेत, असा आग्रह धरला. त्याने ही रीत विद्वानाच्या टेबलावरून उचलून दुकानाच्या फळीवर ठेवली.

संख्येकडे पाहण्याची नवी दृष्टी

या आग्रहामागे संख्येविषयीचे एक धाडसी मत होते. ग्रीक परंपरेत एक ही संख्या मानली जात नसे; ती संख्यांची जननी समजली जाई. दोनच्या वर्गमुळासारख्या राशींना तर असंगत, अतर्क्य अशी विशेषणे लावली जात. स्टेविनने हे भेद नाकारले. एक ही संख्या आहे, अपूर्णांक ही संख्या आहे आणि वर्गमूळ हीदेखील संख्याच आहे, असे त्याने आपल्या अंकगणितात ठामपणे मांडले. रेषेचा आरंभ जसा बिंदू, तसा संख्येचा आरंभ शून्य, असेही त्याचे म्हणणे होते. दशांश पद्धतीत कोणतीही राशी हवी तितकी जवळून लिहिता येते, ही गोष्ट या मताला बळकटी देणारी होती. संख्यारेषेवर अखंड पसरलेल्या संख्यांची जी कल्पना आज शाळेत सहज शिकवली जाते, तिची पायाभरणी करणाऱ्यांत स्टेविनचा समावेश होतो.

हॉलंडचा अभियंता

स्टेविनच्या बुद्धीचा आवाका थक्क करणारा होता. १५८६ मध्ये त्याने वजनकला आणि जलस्थितिशास्त्र यांवरील ग्रंथ प्रसिद्ध केले. उतरणीवरच्या वस्तूंचा समतोल त्याने गोळ्यांच्या माळेचे चित्र काढून सिद्ध केला. भांड्याच्या तळावर पडणारा पाण्याचा दाब भांड्याच्या आकारावर नव्हे, तर पाण्याच्या उंचीवर अवलंबून असतो, हेही त्याने दाखवले. डेल्फ्टमध्ये यान कॉर्नेट्स दे ग्रोट या मित्रासह त्याने शिशाचे दोन गोळे तीस फूट उंचीवरून खाली सोडले. एक दुसऱ्याच्या दसपट जड होता. तरीही खालच्या फळीवर दोन्ही एकदमच आदळल्याचे ऐकू आले. पिसाच्या मनोऱ्याची कथा गॅलिलिओच्या नावावर रूढ झाली. पण हा प्रयोग तिच्याही आधी छापला गेला होता.

पाणी उपसणाऱ्या गिरण्या, किल्ल्यांची बांधणी, बंदरे, संगीतातील समान स्वरांतरे, जमाखर्च असे अनेक विषय त्याने हाताळले. मॉरिसच्या जहागिरीच्या हिशेबात त्याने व्यापाऱ्यांची दुहेरी नोंद पद्धत आणली. शेव्हेनिंगेन ते पेटेन या समुद्रकिनाऱ्यावर शिडाच्या गाडीतून मॉरिस आणि त्याच्या पाहुण्यांनी केलेली सफर त्या काळी विलक्षण गाजली. वाऱ्यावर धावणारी ही गाडी घोड्यांनाही मागे टाकत असे. सामान्य डच माणसाला स्टेविन माहीत झाला तो प्रामुख्याने या गाडीमुळे.

आपल्या भाषेविषयी त्याला कमालीचा अभिमान होता. शास्त्र लिहिण्यासाठी डच ही उत्तम भाषा आहे, हे सिद्ध करण्यासाठी त्याने तिच्यातील एकाक्षरी शब्दांच्या याद्या केल्या. गणितासाठी त्याने रूढ केलेल्या डच शब्दाचा अर्थ निश्चित ज्ञानाची कला असा होतो. त्यापासून आलेला शब्दच डच शाळांत आजही वापरला जातो. ग्रीक मुळाचा शब्द तेथे रुजला नाही. १६०० मध्ये मॉरिसच्या इच्छेनुसार लायडेनमध्ये अभियंत्यांची शाळा निघाली. तिचा अभ्यासक्रम स्टेविनने आखला आणि शिकवण्याची भाषा डच ठेवली. त्या अभ्यासक्रमात दशांश अपूर्णांकांना स्थान होते. सुताराच्या किंवा गवंड्याच्या मुलाला लॅटिन येत नाही म्हणून गणिताचे दार बंद राहू नये, हा विचार पुस्तिकेत होता, तोच या शाळेतही उतरला.

वर्तुळ गेले, बिंदू आला

‘दे थिंडे’च्या परिशिष्टात स्टेविनने राज्यकर्त्यांपुढे एक मागणी ठेवली होती. केवळ लिहिण्याची रीत बदलून भागणार नाही. नाणी, लांबी, वजने आणि कोनांचे अंशसुद्धा दहाच्या हिश्श्यांत विभागावेत. आपल्या हयातीत हे घडेल, अशी त्याला फारशी आशा नव्हती; पुढच्या पिढ्या तरी ते करतील, असा त्याचा विश्वास होता. १६०८ मध्ये रॉबर्ट नॉर्टनने पुस्तिकेचे इंग्रजी भाषांतर केले. रशियाने १७०४ मध्ये रूबलचे शंभर भाग केले. अमेरिकेच्या १७९२ च्या नाणेविषयक कायद्यात डॉलरच्या दहाव्या भागाला दीम हेच फ्रेंच नाव मिळाले आणि तेच पुढे डाइम झाले. फ्रान्सने १७९५ मध्ये मेट्रिक पद्धत स्वीकारली. खुद्द नेदरलँड्समध्ये गिल्डरचे शंभर सेंट व्हायला १८१६ चा कायदा यावा लागला. ब्रिटनने तर पौंड-शिलिंग-पेन्सचा त्रास फेब्रुवारी १९७१ पर्यंत सोसला.

लिहिण्याची पद्धत मात्र लवकर बदलली. वर्तुळे काढणे वेळखाऊ होते. सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात स्कॉटलंडच्या जॉन नेपियरने आपल्या लिखाणात पूर्णांक आणि अपूर्णांक यांच्यामध्ये एक बिंदू किंवा स्वल्पविराम दिला. बाकीच्या अंकांचे क्रमांक जागेवरूनच समजतात, मग ते लिहायचे कशाला? नेपियरच्या लॉगॅरिदमच्या कोष्टकांबरोबर ही खूण सर्वत्र पोहोचली. जगाने स्टेविनचे गणित ठेवले आणि त्याची वर्तुळे टाकून दिली.

हा बदल सोयीचा होता, यात शंका नाही. पण त्यात शिकणाऱ्याचे काही हरवलेही. लहान मुलाला ०.३५ आणि ०.५ यांतली मोठी संख्या विचारली, तर ते पुष्कळदा ०.३५ म्हणते, कारण पस्तीस पाचापेक्षा मोठे असतात. बिंदूच्या उजवीकडचे अंक त्याला आणखी एक पूर्ण संख्या वाटतात. स्टेविनच्या मांडणीत हे ३(१) ५(२) आणि ५(१) असे दिसते. तीन दशांशांपेक्षा पाच दशांश मोठे, हे तेथे डोळ्यांनाच कळते. पाच रुपये पाच पैसे ही रक्कम ५.५ अशी लिहिण्याची चूकही याच जातीची. पाच पैसे हे रुपयाचे शतांश आहेत; त्यांचे घर दुसरे आहे आणि पहिल्या घरात शून्य बसले पाहिजे. दहाने गुणताना शून्य जोडायचे, हा पूर्णांकांचा नियम ०.५ ला लावून ०.५० लिहिणारे मूलही घराचा क्रमांक विसरलेले असते.

आणखी एक बारकावा आहे. बिंदूमुळे असे वाटते की, संख्येचा मध्य बिंदूपाशी आहे. मग एककाच्या समोर एकांश का नाही, असा प्रश्न चौकस मुलाला पडतो. खरा मध्य एककाचे घर हा आहे. त्याच्या डावीकडे दशक, उजवीकडे दशांश. डावीकडे शतक, उजवीकडे शतांश. स्टेविनने शून्य क्रमांकाचे वर्तुळ एककाच्याच घराला दिले होते आणि त्याला आरंभ म्हटले होते. संख्येचा आरंभ कोठे, हे त्याच्या मांडणीत लपून राहत नव्हते.

पावकीपासून पैशापर्यंत

महाराष्ट्रातील जुन्या पिढ्यांना स्टेविनच्या काळातील अडचण समजावून सांगावी लागली नसती. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. मणाचे चाळीस शेर, शेराचे सोळा छटाक, हा संसार त्यांनी चालवला होता. त्यासाठी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी असे अपूर्णांकांचे पाढे मुलांकडून घोकून घेतले जात. ते पाढे म्हणजे तोंडी हिशेबाचे उत्तम शिक्षण होते, हे खरे. परंतु ज्याला शाळा मिळाली नाही, त्याला बाजारात दुसऱ्याच्या हिशेबावर विसंबावे लागे, हेही तितकेच खरे.

१ एप्रिल १९५७ रोजी भारताने रुपयाचे शंभर नवे पैसे केले. १९५६ च्या कायद्यान्वये मेट्रिक वजने-मापेही ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होत असल्याने सुरुवातीची काही वर्षे गोंधळाची गेली. सुटा आणा सहा पैशांचा धरला, तर सोळा आण्यांचे शहाण्णवच पैसे भरत. १९६४ मध्ये नाण्याच्या नावातला नवा हा शब्द गळाला आणि पैसा तेवढा राहिला. पुढे शाळेतून पावकी-निमकी मागे पडली आणि रुपये-पैशांचा हिशेब हेच दशांश अपूर्णांकाचे पहिले उदाहरण बनले. आता किरकोळ पैसेही चलनातून जवळपास नाहीसे झाले आहेत. ५.०५ आणि ५.५० यांतला फरक हातातल्या नाण्यांनी दाखवण्याची सोय त्यामुळे उरलेली नाही. अशा वेळी अंकाखाली त्याच्या घराचा क्रमांक लिहून घेण्याची स्टेविनची जुनी रीत वर्गात पुन्हा उपयोगी पडावी.

अखेरची वर्षे

स्टेविनने उतारवयात कॅथरिना क्रे हिच्याशी संसार मांडला. त्यांना चार अपत्ये झाली. त्यांपैकी हेंड्रिकने पित्याचे अप्रकाशित लेखन पुढे प्रसिद्ध केले. १६०५ ते १६०८ या काळात मॉरिसला शिकवण्यासाठी लिहिलेल्या पाठांचे मोठे खंड निघाले. गणित येणारा सेनापती त्याने घडवला होता. १६२० मध्ये हेग येथे त्याचा मृत्यू झाला.

जन्माचा कलंक घेऊन ब्रुज सोडलेल्या या माणसाचा पुतळा त्याच शहरातील एका चौकात १८४६ मध्ये उभारण्यात आला. त्या चौकाला आज त्याचेच नाव आहे. इंधनाच्या पंपावरचा आकडा, औषधाच्या बाटलीवरचे मिलिलिटर, कर्जाचा साडेआठ टक्के दर हे सारे दशांशांतच लिहिले जाते. नकाशावर आपले ठिकाण दाखवणारे मोबाईलमधले अंशसुद्धा आता बहुधा दशांशांतच असतात आणि स्टेविनची तीही मागणी अशा रीतीने मार्गी लागली आहे. हे आकडे वाचता येणारा नागरिक आपले बिल स्वतः तपासू शकतो. पाचवीच्या वर्गातील एखादे मूल ०.३५ पाशी अडते, तेव्हा ते याच हिशेबाच्या दारात उभे असते.